संगणकातल्या दप्तराची दुसरी प्रत



द्राक्षाची खरड छाटणी उरकली, कांदा चाळीत गेला आणि मृगाला अजून अवकाश आहे. या दिवसांत आपण घर शाकारतो, माळा झाडतो, पेटीतले जुने कागद उन्हाला देतो. त्या कामात आणखी एका वस्तूची भर घाला असे मला सुचवायचे आहे. ती वस्तू म्हणजे घरातला संगणक.

‘साहेब, तुमचे खाते शेतीचे. संगणकाशी तुमचा काय संबंध?’ असे कोणी म्हणेल. संबंध आहे. गावोगाव फिरताना पिकाविषयी दोन प्रश्न झाले की तिसरा प्रश्न हल्ली संगणकाचा नाहीतर मोबाईलचा असतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर मोबाईलवर आली. पीक विम्याची पावती, खताचे बिल, दूध संघाचा हिशेब, मुलीच्या शाळेचा अर्ज, सगळे त्या काचेआड गेले. शेतीचे दप्तर जिथे जाईल तिथे आम्हा विस्तारवाल्यांनाही जावे लागते.

संगणक कोणता घ्यावा, कितीला घ्यावा, हे घरातली मुले तुम्हाला माझ्यापेक्षा बरे सांगतील. मला बोलायचे आहे ते त्याच्या आत साठलेल्या मालाविषयी. यंत्र बिघडले तर तालुक्याच्या गावी दुसरे मिळते. आतला माल एकदा गेला की पुष्कळदा गेलाच.

एका घरची हकीकत

जानेवारी २०२४ मधली गोष्ट आहे. आमच्या भागातले एक द्राक्ष बागायतदार. चार एकर बाग, माल युरोपला जाणारा. निर्यातीच्या बागेला फवारणीची नोंद ठेवावी लागते हे आपण जाणताच. कोणत्या तारखेला, कोणते औषध, किती प्रमाणात, आणि काढणीच्या आधी किती दिवस, हे सगळे लिहावे लागते. धाकट्या मुलाने दोन वर्षांपूर्वी वही बंद करून ही नोंद संगणकात चालू केली होती. काम मोठे सुबक होते. प्रत्येक प्लॉटचे वेगळे पान, औषधांचा खर्च आपोआप बेरजेत. मी स्वतः पाहून त्याची पाठ थोपटली होती.

एके रात्री थ्री फेजची लाइन आली, गेली, पुन्हा आली. सकाळी संगणक चालू होईना. दुरुस्तीवाला म्हणाला, ‘बाकी सगळे ठीक आहे, हार्ड डिस्क गेली.’ काढणीला दहाएक दिवस उरलेले आणि व्यापारी नोंद मागतो आहे.

त्या घरात मुलाची आई आहे. शिक्षण सातवीपर्यंत. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेले असते, त्यावर तारखेच्या चौकटीत दुधाचा हिशेब, सिलिंडर लावल्याची तारीख आणि ‘आज औषध मारले’ एवढे त्या लिहीत. औषधाचे नावही विचारून लिहीत, कारण फवारणीनंतर मजूर बायकांना बागेत कधी पाठवायचे हे त्यांना ठरवायचे असे. मुलगा याला हसायचा. आता ते कालनिर्णय शोधायला सगळे घर लागले. नवे वर्ष लागले होते, पण जुने कालनिर्णय रद्दीत गेले नव्हते, हे नशीब. त्यावरून तारखा मिळाल्या. औषध दुकानाच्या बिलांवरून प्रमाण जुळवले, ब्लोअरवाल्याकडून टाक्या विचारून घेतल्या. तीन रात्री बसून नोंद पुन्हा उभी राहिली. माल गेला.

पण त्याच डिस्कवर घरातल्या आबांचे, म्हणजे त्या मुलाच्या आजोबांचे, शेवटच्या वारीतले फोटो होते. नातीच्या बारशाचा व्हिडिओ होता. ते कोणत्या कालनिर्णयावर असणार? बिघडलेली डिस्क उघडून माहिती काढून देणारे लोक पुण्याला आहेत. त्यांनी सांगितलेला आकडा पस्तीस हजारांच्या घरात होता, आणि तेवढे देऊनही निघेलच याची हमी नव्हती. ती डिस्क अजून त्यांच्या कपाटात फडक्यात गुंडाळून ठेवलेली आहे.

डिस्क जाते कशी

हार्ड डिस्क म्हणजे जुन्या ग्रामोफोनसारखी तबकडी समजा. ती मिनिटाला ५४०० नाहीतर ७२०० फेरे घेते आणि माहिती वाचणारी सुई तिच्यावर न टेकता तरंगत असते, केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावर. चालू असताना धक्का बसला किंवा लिहिता लिहिता वीज गेली तर काय होत असेल याची कल्पना करा. नव्या संगणकांत एसएसडी येते. तिच्यात फिरणारे काही नाही, त्यामुळे धक्क्याचे भय कमी आणि वेगही पुष्कळ. मात्र एसएसडीसुद्धा जाते, आणि जाते तेव्हा बहुधा पूर्वसूचना देत नाही. जुनी हार्ड डिस्क निदान टकटक आवाज करते, फाइल उघडायला वेळ लावते. असा आवाज ऐकू आला की त्या संगणकावर दुसरे काही करू नका. आधी महत्त्वाचे ते बाहेर काढा आणि मगच दुरुस्तीला न्या. दुरुस्तीवाला पुष्कळदा विंडोज नव्याने भरतो आणि भरताना आतले पुसले जाते. ‘आतले काही जाऊ देऊ नका’ असे स्पष्ट सांगितल्याशिवाय यंत्र त्याच्या हाती देऊ नये. तो बिचारा यंत्र चालू करून देण्याचे पैसे घेतो, तुमच्या फोटोंचे नाही.

आधी निवडणी

आता करायचे काय? धान्य भरण्याआधी आपण पाखडतो, तशी आधी निवडणी करा. संगणकात आणि मोबाईलमध्ये जे आहे त्याचे तीन ढीग होतात.

पहिला ढीग पुन्हा मिळणाऱ्या कागदांचा. सातबारा, आठ-अ महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल स्वाक्षरीचे पुन्हा काढता येतात. आधार, पॅन, वाहन चालवण्याचा परवाना, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका यांसाठी सरकारचे डिजिलॉकर २०१५ पासून आहे. यांची प्रत घरी असावी, पण हरवली म्हणून झोप उडवून घेण्याचे कारण नाही.

दुसरा ढीग टाकाऊ. सकाळी आलेली शुभेच्छांची चित्रे, पुढे ढकललेले व्हिडिओ, एकाच लग्नाचे सतरा सारखे फोटो. हे पुसून टाका. पुष्कळ घरांत ‘मोबाईल भरला’ म्हणून नवा घेण्याची वेळ येते ती या ढिगामुळेच.

तिसरा ढीग तो, जो जगात फक्त तुमच्याकडे आहे. घरातल्या माणसांचे फोटो, आवाज, मुलांचे बोबडे बोल. फवारणीची आणि खताची नोंद. बचत गटाचा हिशेब. विहिरीच्या पाण्याची पातळी तुम्ही उन्हाळ्यात लिहीत असाल तर ती. नुकसान झाले तेव्हा शेतात उभे राहून काढलेले फोटो. हा ढीग आकाराने लहान असतो, यावर विश्वास ठेवा. मोबाईलचा साधा फोटो ४ एमबीच्या आसपास धरला तर १ जीबीत २५० फोटो मावतात. म्हणजे चार हजार निवडक फोटोंना १६ जीबी पुरतात. कागद आणि हिशेब तर त्या मानाने काहीच जागा खात नाहीत.

तीन ठिकाणी

या तिसऱ्या ढिगाच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक घराबाहेर असावी. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने सांगितलेला हा हिशेब जगभर वापरला जातो. मुले ज्याला बॅकअप म्हणतात ते हेच. आपल्या घरी तो असा बसवता येईल.

एक प्रत संगणकात असतेच. दुसरी प्रत बाहेरून जोडायच्या डिस्कवर घ्या. एक टीबीची डिस्क एका कुटुंबाला वर्षानुवर्षे पुरते. प्रत घेऊन झाली की डिस्क रीतसर ‘इजेक्ट’ करून काढा आणि जमिनीचे कागद ज्या पेटीत असतात त्याच पेटीत ठेवा. सोयीसाठी ती संगणकाला कायम जोडून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. मग वीज पडली तर दोन्ही एकदम जळतात, आणि संगणकात विषाणू शिरला तर तो जोडलेली डिस्कही खराब करतो. प्रत वेगळी ठेवायची ती याचसाठी.

प्रतीसाठी पेनड्राइव्हवर भिस्त ठेवू नका. ती वस्तू इकडचे तिकडे नेण्यासाठी चांगली. वर्ष-दोन वर्षे खणात पडून राहिली की तिच्यातले शाबूत असेल याचा भरवसा नसतो. शिवाय आठवडे बाजारात १ टीबी लिहिलेले पेनड्राइव्ह दोन-चारशे रुपयांना मिळतात, ते निव्वळ बनावट. संगणकाला ते १ टीबीच भासवतात, पण आत जागा थोडीच असते, आणि ती भरली की नंतरच्या फाइली नुसत्या नावाला दिसतात, उघडत नाहीत.

घराबाहेरची तिसरी प्रत कुठे ठेवायची? गुगलच्या खात्यात ठेवता येते. त्यात १५ जीबी जागा फुकट असते, पण ती ईमेल, फोटो, ड्राइव्ह आणि अँड्रॉइड फोनवरील व्हॉट्सअॅपचा बॅकअप या सगळ्यांत मिळून असते, म्हणून लवकर भरते. दोन गोष्टी इथे पुष्कळांना ठाऊक नसतात. एक, जे खाते सलग दोन वर्षे कोणी उघडलेच नाही ते गुगल बंद करून आतले पुसू शकते. हा नियम २०२३ मध्ये आला. तेव्हा आजीच्या नावाने काढलेले आणि विसरलेले खाते असेल तर ते अधूनमधून उघडा. दुसरी गोष्ट अशी की गुगल फोटोजमध्ये बॅकअप चालू असताना तुम्ही त्याच अॅपमधून फोटो पुसला तर तिकडचाही पुसला जातो. ६० दिवस तो कचरापेटीत राहतो, मग कायमचा जातो. ‘वर चढले आहे, आता इथले पुसते’ असे म्हणून एका सुनेने बाळाच्या पहिल्या वर्षाचे सगळे फोटो पुसले होते. पन्नासाव्या दिवशी ध्यानात आले म्हणून मिळाले. फोनमधली जागाच मोकळी करायची असेल तर त्या अॅपमध्ये त्यासाठी निराळी सोय आहे, ती वापरावी.

ज्यांना हे गुगलचे प्रकरण नको वाटते, किंवा ज्यांच्या वस्तीवर रेंजच येत नाही, त्यांनी दुसरी एक डिस्क घ्यावी आणि ती लेकीच्या सासरी ठेवावी. भाऊबीजेला जाताना इकडची न्यायची, तिकडची आणायची. तिच्या घरचे दप्तरही तसेच आपल्याकडे. यात मला काही कमीपणा वाटत नाही. फक्त डिस्कला पासवर्ड लावता येतो, तो लावून द्या.

प्रत कधी घ्यायची हे ठरवले नाही तर कधीच घेतली जात नाही. आमच्याकडे पुष्कळ गावांत अमावास्येला औत धरत नाहीत. तो दिवस या कामाला बरा. तासाभराचे काम आहे. फवारणीच्या हंगामात मात्र महिनाभर थांबू नका, दर बाजाराच्या दिवशी नोंदीची तेवढी एक फाइल उतरवून घ्या. आणि प्रत घेतली म्हणजे काम झाले असे नाही. सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून ७० तरी उगवतात की नाही हे पाहूनच आपण पेरतो ना? तसे प्रतीतले पाच-सहा फोटो आणि एखादी हिशेबाची फाइल प्रत्यक्ष उघडून पाहा. ज्याने प्रत घेतली त्याने नव्हे, घरातल्या दुसऱ्या कोणी तरी उघडावी. म्हणजे मुलगा पुण्याला नोकरीला गेला तरी वहिनींना ती उघडता येईल.

फाइलीला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि शेवटी कामाचे नाव असे द्या. सगळ्या आपोआप ओळीने लागतात. ‘नवीन’, ‘नवीन २’, ‘नवीन फायनल’ अशी नावे असली की सहा महिन्यांनी तुम्हालाच उमगत नाही. आणखी एक. पंधरा-वीस वर्षांपूर्वी गटाचे ठराव, सोसायटीची पत्रे ज्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप झाली, ती नव्या संगणकावर उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. ज्या जुन्या संगणकावर ती अजून नीट दिसतात तो चालू आहे तोवरच त्यांची पीडीएफ करून घ्या. नवे लिहायचे ते युनिकोडमध्येच लिहावे.

विजेचे आणि धुळीचे

धुळीविषयी थोडक्यात सांगतो. संगणक जमिनीवर ठेवू नका, पाट नाहीतर टेबल असू द्या. मागच्या पंख्याच्या जाळीवर धूळ बसली की बंद करून, प्लग काढून, मऊ कुंचल्याने झाडा. पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरने हवा मारू नका. त्या हवेत पाणी आणि तेल असते.

विजेचे मात्र जरा सविस्तर. घराला चांगले अर्थिंग आहे की नाही हे आधी जाणत्या वायरमनकडून तपासून घ्या. पुष्कळ घरांत तीन भोकांचा बोर्ड असतो आणि तिसऱ्या भोकाला तार जोडलेलीच नसते. संगणकाच्या पेटीला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटले तर समजा की हेच आहे. टेबलावरच्या संगणकाला यूपीएस हवाच. साधारण ६०० व्हीएचा यूपीएस दहा-पंधरा मिनिटे देतो. तेवढा वेळ काम जपून ठेवून संगणक रीतसर बंद करायला आहे, मालिका पुरी करायला नाही. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत उतरते, तेव्हा वर्षातून एकदा मेन बटण बंद करून किती वेळ चालतो हे पाहून घ्या. लॅपटॉपला त्याची स्वतःची बॅटरी असते, म्हणून वीज फार खेळते अशा वस्तीवर नवा घेणाऱ्याने लॅपटॉपच घ्यावा असे माझे मत आहे.

वळवाचे दिवस आहेत. ढग गडगडू लागले की नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लग बोर्डातून काढायचा. इंटरनेटची तार तांब्याची असेल तर तीही काढायची. तिच्या वाटे वीज आत येते हे पुष्कळांच्या गावी नसते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने काढलेले ‘दामिनी’ हे अॅप आपल्या आसपास वीज पडण्याचा इशारा देते. ते मुख्यतः शिवारातल्या माणसांसाठी आहे. ज्यांच्या फोनवर नसेल त्यांनी आजच घ्यावे.

किल्ल्या कोणापाशी

एका गावात घरचा कर्ता पुरुष अचानक गेला. पीक कर्जाची, विम्याची, शेततळ्याच्या अनुदानाची सगळी कामे तोच फोनवरून करीत असे. दुखवट्याचे दिवस सरल्यावर बायकोने फोन हाती घेतला, तर कुलूप. मुलांनी अंदाजाने आकडे घालून पाहिले, फोन आणखीच अडून बसला. बँकेचे आणि कचेरीचे काम दाखला आणि वारसांचे कागद देऊन पुढे झाले, त्यात सहा महिने गेले. पण फोनमधले त्या माणसाचे आवाज, फोटो त्या माउलीला मिळाले नाहीत.

हे लिहिताना मला बरे वाटत नाही, पण सांगितलेच पाहिजे. एक साधी वही करा. त्यात घरातल्या प्रत्येक फोनचा कुलूप-आकडा, ईमेलचे खाते, त्याचा पासवर्ड, महाभूमीचे, विम्याचे, डिजिलॉकरचे खाते लिहा. वही खरेदीखताच्या पेटीत ठेवा आणि नवराबायको दोघांना ती कुठे आहे हे ठाऊक असू द्या. शहरातले शिकलेले लोक म्हणतील, पासवर्ड कागदावर लिहू नये. कचेरीच्या टेबलावर लिहू नये हे खरे. कुलुपातल्या पेटीतल्या वहीला परदेशातला चोर काय करणार? एटीएमचा आणि यूपीआयचा पिन मात्र तिच्यात लिहायचा नाही.

पासवर्ड सगळीकडे एकच नको. ईमेलचा तर अगदी निराळा आणि लांब हवा, कारण बाकीच्या खात्यांचे विसरलेले पासवर्ड त्याच्याच वाटेने मिळतात. चार असंबद्ध शब्द जोडले तरी चालतात, आणि लक्षातही राहतात. बैलाचे नाव आणि जन्मसाल हे गावातले कोणीही ओळखील. खात्याला जोडलेला मोबाईल नंबर चालू आहे ना, हेही पाहा. रिचार्ज न केलेले सिम बंद पडते आणि पुढे तो नंबर दुसऱ्याच कोणाला दिला जातो. मग तुमच्या खात्याचा ओटीपी त्याच्या हातात.

गावच्या झेरॉक्सच्या दुकानात छपाईसाठी आपण व्हॉट्सअॅप त्यांच्या संगणकावर उघडतो. काम झाल्यावर तिथून बाहेर पडायला विसरतो. आपल्या फोनमधील व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ आहे, ते आज उघडून पाहा. अनोळखी संगणकाचे नाव दिसले तर त्यावर बोट ठेवून ‘लॉग आउट’ करा. पुष्कळांना तिथे दोन वर्षांपूर्वीचे दुकान सापडेल. तिथेच बसले असताना व्हॉट्सअॅपची ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ची सोयही चालू करा, सहा आकड्यांचा पिन द्यावा लागतो. आधारची प्रत कोणाला द्यायची असेल तर पहिले आठ आकडे झाकलेली प्रत मिळते, जिथे ती चालते तिथे तीच द्या.

फसवणुकीविषयी या पानांवर पुष्कळ छापून आले आहे, म्हणून दोनच ओळी. पीएम किसानच्या, वाहनाच्या दंडाच्या किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने व्हॉट्सअॅपवर फाइल आली आणि तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल तर ती उघडू नका, मग पाठवणारा सख्खा भाऊ का असेना. त्याचाच फोन आधी फसलेला असतो आणि त्याच्या नकळत ती पुढे जाते. पैसे आपल्याकडे येण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. आणि घडलेच काही, तर शरमेने घरात बसू नका. लगेच १९३० या नंबरवर फोन करा आणि बँकेला कळवा. पहिल्या तासाभरात कळवले तर रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता बरीच असते. घरातल्या ज्याच्या हातून ते घडले त्याच्यावर त्या वेळी ओरडू नका. ओरडा बसेल या भीतीने मुले आणि म्हातारी माणसे दोन-दोन दिवस सांगत नाहीत, आणि तेवढ्यात खाते रिकामे होते.

एका प्रश्नाचे उत्तर

एका वाचक भगिनीने विचारले आहे की, ‘आमचा संगणक सात वर्षांचा आहे. त्यावर विंडोज १० आहे. आता तो बंद पडणार असे दुकानदार म्हणतो आणि नवा घ्या म्हणतो. घ्यावा का?’

ताई, तो बंद पडणार नाही. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या सुरक्षेच्या दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. घरगुती ग्राहकांना जादा मुदतीसाठी नाव नोंदवण्याची सोय देण्यात आली, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. यंत्र त्यानंतरही चालते, पण कुंपण पडलेल्या शेतासारखे ते उघडे राहते. त्यावर बँकेचे काम करू नये. हिशेब लिहायला, मुलांना टायपिंग शिकायला, फोटो पाहायला ते चालेल. तुमच्या संगणकाला विंडोज ११ चालते का, हे आधी तपासून घ्या. त्यासाठी ४ जीबी रॅम आणि टीपीएम २.० नावाची एक सोय यंत्रात असावी लागते. कित्येक संगणकांत ती असते आणि फक्त चालू करायची राहिलेली असते. सात वर्षांच्या यंत्रात हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी बसवा आणि रॅम ८ जीबी करा. नव्याच्या किमतीच्या थोड्याच भागात तो चपळ होतो, हे मी आमच्या कार्यालयातल्या दोन संगणकांवर पाहिले आहे. विंडोज ११ चालतच नसेल तर लिनक्स मिंट फुकट आहे, त्यात मराठीही लिहिता येते. जाणत्या मुलाकडून ते भरून घ्या.

यांतले काहीही करण्यापूर्वी तिसऱ्या ढिगाची प्रत घ्यायची. काढलेली जुनी हार्ड डिस्क दुकानात सोडून येऊ नका, मागून घ्या. ती तुमची आहे.

पुढील अंकी सोयाबीनच्या बीजप्रक्रियेकडे वळू.